जुन्या गाडीचं ऑइल कधी बदलायचं आणि कोणतं टाकायचं? चाकणच्या ट्रॅफिकमध्ये किलोमीटरचा हिशोब का चुकतो?

गेल्या काही काळात जुनी गाडी वापरणाऱ्यांच्या डोक्याला ताप देणाऱ्या बातम्या एकामागून एक आल्या.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २० वर्षांपेक्षा जुन्या वाहनांच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क वाढवलं. कारसाठी ते ५ हजारांवरून १० हजार रुपये झालं. त्याच महिन्यात ई-२० पेट्रोलवरून, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवरून, सोशल मीडियावर मोठा वाद पेटला. १ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाने इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका फेटाळली. आणि २२ सप्टेंबरपासून छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला.

म्हणजे एकीकडे जुनी गाडी ठेवणं महाग, दुसरीकडे नवी गाडी थोडी स्वस्त. तरीही नवी गाडी घ्यायची म्हणजे पाच-सात वर्षांचा हप्ता. त्यामुळे पिंपरी-चिंचवड, भोसरी, मोशी, चाकण, तळेगाव या पट्ट्यातल्या अनेक घरांत आजही प्रश्न एकच आहे: आहे ती गाडी अजून चार-पाच वर्षं कशी चालवायची?

याचं उत्तर बऱ्याच अंशी गाडीच्या इंजिन ऑइलमध्ये आहे. पण 'दहा हजार किलोमीटरला ऑइल बदला' हा सर्वांच्या तोंडी असलेला नियम या पट्ट्यात अनेकांच्या बाबतीत अपुरा पडतो. तो का, आणि दुकानात उभं राहिल्यावर नेमका कोणता डबा उचलायचा, हे समजून घेऊया.

ऑइल इंजिनात नेमकं काय करतं?

वंगण हे त्याचं पहिलं काम. इंजिनातले धातूचे भाग एका मिनिटात हजारो वेळा एकमेकांवरून सरकतात. त्यांच्यामध्ये ऑइलचा पातळ थर असतो म्हणून ते एकमेकांना खात नाहीत.

पण ऑइल आणखी तीन कामं करतं. ते पिस्टन आणि बेअरिंगजवळची उष्णता वाहून नेतं. जळणातून तयार होणारी काजळी आणि आम्ल स्वतःमध्ये धरून ठेवतं. आणि पिस्टन रिंगच्या भोवती सील तयार करून कॉम्प्रेशन टिकवायला मदत करतं.

ही कामं निव्वळ तेल करत नाही. डब्यात मूळ तेलासोबत वेगवेगळी रसायनं मिसळलेली असतात: मळ साफ करणारी, काजळीचे कण सुटे ठेवणारी, आम्ल मारणारी, झीज रोखणारी. मूळ तेल फारसं संपत नाही, ही रसायनं मात्र संपतात. 'ऑइल खराब झालं' म्हणजे बहुतेक वेळा ही रसायनं संपली, आणि जोडीला ऑइलमध्ये इंधन, पाणी, काजळी जमा झाली.

ही रसायनं संपल्यानंतरही गाडी चालते. आवाज लगेच बदलत नाही, पिकअप लगेच पडत नाही. म्हणूनच ऑइल बदलणं सगळ्यात सहज पुढे ढकललं जातं. आत मात्र मळाचा चिकट थर साचायला लागतो. आधी ऑइलच्या बारीक वाटा अरुंद होतात, मग टायमिंग चेन, टर्बो, कॅमशाफ्ट अशा भागांना ऑइल उशिरा पोहोचतं. हे बिल पाच आकडी असतं.

मग दहा हजार किलोमीटरच्या नियमात अडचण काय?

बहुतेक कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये साधारण १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, यातलं जे आधी येईल ते, असा कालावधी दिलेला असतो. काहींचा तो १५,००० किलोमीटरपर्यंत जातो.

अनेक जण फक्त किलोमीटर लक्षात ठेवतात आणि 'किंवा १ वर्ष' विसरतात. त्याहून जास्त जण मॅन्युअलमधला पुढचा तक्ता बघतच नाहीत. त्यात 'कठीण परिस्थितीत वापर' असं शीर्षक असतं आणि त्यासाठी ऑइल बदलण्याचा कालावधी बराच कमी, अनेकदा निम्मा असतो.

कठीण परिस्थिती म्हणजे लडाख किंवा वाळवंट नाही. या तक्त्यात साधारण या गोष्टी असतात: सतत थांबत-थांबत चालणारं ट्रॅफिक, बराच वेळ इंजिन सुरू ठेवून उभं राहणं, रोजच्या चार-पाच किलोमीटरच्या छोट्या फेऱ्या, धुळीचे रस्ते, भरलेली गाडी.

चाकणमधल्या तळेगाव चौकातून किंवा आंबेठाण चौकातून शिफ्ट सुटायच्या वेळी गेलेल्या कुणालाही ही यादी ओळखीची वाटेल. पुणे-नाशिक महामार्गावरचं भोसरी-मोशी-चाकण ट्रॅफिक, तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्त्यावरच्या कंटेनरच्या रांगा, बांधकामांची धूळ: इथे रोज कामाला जाणाऱ्याची गाडी कंपनीच्याच व्याख्येनुसार 'कठीण परिस्थितीत' चालते.

किलोमीटर आणि तास यांत एवढा फरक पडतो?

साधा हिशोब करून बघू.

समजा, एक जण कासारवाडीजवळच्या नाशिक फाट्यावरून चाकण एमआयडीसीला कामाला जातो. एका बाजूचं अंतर २० किलोमीटर धरू आणि ट्रॅफिकमुळे लागणारा वेळ सव्वा तास. रोजचे जाऊन-येऊन ४० किलोमीटर आणि अडीच तास. महिन्याचे २५ दिवस धरले, तर १,००० किलोमीटर आणि साडेबासष्ट तास. दहा महिन्यांत १०,००० किलोमीटर पूर्ण होतील. तोवर इंजिन ६२५ तास चाललेलं असेल.

आता दुसरी गाडी घ्या. ती प्रामुख्याने एक्सप्रेस वेवरून सरासरी ताशी ६० किलोमीटरने धावते. तिचे १०,००० किलोमीटर सुमारे १६७ तासांत होतात.

दोन्ही गाड्यांच्या मीटरवर आकडा सारखाच. पण पहिल्या गाडीच्या ऑइलने जवळपास पावणेचार पट जास्त वेळ काम केलेलं आहे.

मावळ किंवा खेड तालुक्यातल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला लागत नाही. ट्रॅक्टरला किलोमीटर कुणी विचारत नाही. त्याच्या डॅशबोर्डवर अवर मीटर असतो आणि ऑइल २५० तासांच्या आसपास बदलायचं असतं. जनरेटरचंही तसंच. कारवर मात्र आपण फक्त किलोमीटर वाचतो.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. ट्रॅफिकमध्ये उभ्या गाडीचा एक तास हा नांगरणाऱ्या ट्रॅक्टरच्या एका तासाइतका कष्टाचा नसतो. इंजिनावर भार कमी असतो. त्यामुळे ट्रॅक्टरचा २५० तासांचा आकडा कारला जसाच्या तसा लावणं बरोबर नाही. पण उभ्या गाडीत वेगळे त्रास असतात. हवा मिळत नाही म्हणून बॉनेटखालचं तापमान वाढतं, इंजिन मंद गतीवर असल्याने ऑइलचा दाब कमी असतो आणि अर्धवट जळलेलं इंधन ऑइलमध्ये उतरतं.

तुमच्या गाडीच्या डिस्प्लेवर सरासरी वेग दिसत असेल, तर हा हिशोब सोपा आहे. किलोमीटरला सरासरी वेगाने भागा, तास मिळतील. सरासरी वेग ताशी २० च्या खाली असेल, तर तुमची गाडी कठीण वापराच्या गटात आहे असं समजा. जुन्या गाडीत तो डिस्प्ले नसेल, तर दोन-चार दिवस मोबाइलवर जाण्या-येण्याची वेळ बघा, अंदाज येईल.

अशा वापरात मॅन्युअलमधला कमी कालावधी पाळावा. तो सापडत नसेल, तर साधारण ५,००० ते ६,००० किलोमीटर किंवा ६ महिने हा सुरक्षित हिशोब आहे.

नाशिक फाटा ते खेड या सुमारे ३० किलोमीटरच्या आठपदरी उन्नत मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे. खर्च आहे ७,८२७ कोटी रुपये. तो पूर्ण होऊन वापरात येईल तेव्हा या रस्त्यावरच्या गाड्यांच्या तासांचा हिशोबही बदलेल. तोवर ऑइल बदलण्याची तारीख आजच्या रस्त्याकडे बघूनच ठरवावी लागेल.

ई-२० पेट्रोलचा ऑइलशी काय संबंध?

ई-२० वरची बहुतेक चर्चा मायलेजवर अडकली. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या स्पष्टीकरणानुसार, ई-१० साठी बनलेल्या आणि ई-२० साठी जुळवून घेतलेल्या चारचाकींमध्ये मायलेज १ ते २ टक्के आणि इतर गाड्यांमध्ये ३ ते ६ टक्के कमी होऊ शकतं. काही जुन्या गाड्यांमध्ये २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, हेही मंत्रालयाने म्हटलं होतं. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांचे भाग ई-२० ला टिकतील असे बनवलेले आहेत. त्याआधीच्या गाड्यांबाबत म्हणूनच प्रश्न येतो.

ऑइलच्या बाबतीत मुद्दा असा. इथेनॉल पाणी शोषून घेतं. इंजिन थंड असताना जळलेलं-न जळलेलं थोडं इंधन आणि पाण्याची वाफ पिस्टनच्या बाजूने खाली ऑइलमध्ये उतरते. कोणत्याही पेट्रोल गाडीत हे होतं. इथेनॉल जास्त असलं की ऑइल आणि पाण्याचं मिश्रण दुधाळ होण्याची शक्यता वाढते.

यावर उपायही साधा आहे. इथेनॉल ७८ अंश सेल्सिअसला उकळतं आणि पाणी १०० ला. गाडी अर्धा-पाऊण तास सलग, चांगल्या वेगाने चालली की ऑइल पुरेसं गरम होतं आणि त्यातलं इथेनॉल आणि पाणी वाफ होऊन निघून जातं.

खरा धोका आहे तो निगडी ते आकुर्डी किंवा भोसरी ते इंद्रायणीनगर अशा रोजच्या दहा मिनिटांच्या फेऱ्यांना. त्यात ऑइल कधी पूर्ण तापतच नाही. अशी गाडी वर्षाला तीन हजार किलोमीटरसुद्धा चालत नाही आणि मालकाला वाटतं, ऑइल तर नवंच आहे. या गाडीचं ऑइल किलोमीटर न बघता सहा महिन्यांनी बदलावं आणि आठवड्यातून एकदा तरी तिला लांबचा फेरफटका मारावा.

ऑइल भरायचं झाकण उघडल्यावर आतून पांढरट-पिवळा साय जमल्यासारखा थर दिसला, तर ती पाण्याची खूण आहे. पावसाळ्यात आणि छोट्या फेऱ्यांमध्ये थोडा थर दिसू शकतो. पण डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाळ दिसत असेल आणि कूलंट कमी होत असेल, तर ते हेड गॅस्केटचं लक्षण असू शकतं. अशी गाडी चालवू नका.

पिंपरी-चिंचवडमध्ये सीएनजीवर चालणाऱ्या जुन्या गाड्याही खूप आहेत. सीएनजीमुळे ऑइलमध्ये द्रव इंधन उतरत नाही आणि ते जास्त दिवस स्वच्छ दिसतं. पण दिसणं फसवं आहे. सीएनजीचं ज्वलन जास्त गरम असतं आणि ऑइल उष्णतेने जुनं होतं. त्यामुळे 'रंग चांगला आहे' म्हणून मुदत वाढवू नका.

डब्यावरच्या ५डब्ल्यू-३० चा अर्थ काय?

हे आकडे ऑइल किती घट्ट आहे ते सांगतात. 'डब्ल्यू' म्हणजे इंग्रजीतला हिवाळा. त्याआधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा, नंतरचा आकडा इंजिन तापल्यावरच्या घट्टपणाचा.

५डब्ल्यूची थंडीतली चाचणी उणे ३० अंशांवर होते, १५डब्ल्यूची उणे २० आणि २०डब्ल्यूची उणे १५ वर. आपल्याकडे जानेवारीतली कडाक्याची थंडी म्हणजे आठ-दहा अंश. त्यामुळे २०डब्ल्यू ऑइलने पिंपरीत गाडी सुरू होणार नाही, असं घडत नाही.

मग कमी डब्ल्यूचा फायदा काय? तर सकाळी गाडी सुरू केल्यावरच्या पहिल्या काही सेकंदांत. १५ अंशांवरही ५डब्ल्यू-३० हे २०डब्ल्यू-४० पेक्षा बरंच पातळ असतं आणि वरच्या भागात लवकर पोहोचतं. इंजिनाची मोठी झीज याच सेकंदांत होते.

दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा. तापलेल्या इंजिनात ३० आणि ४० यांत फरक असतो आणि इंजिनाच्या आतल्या फटी, ऑइल पंप, टर्बो हे सगळं त्या आकड्यानुसार बनवलेलं असतं.

जुन्या गाडीत जाड ऑइल टाकावं का?

गॅरेजमध्ये सर्वाधिक ऐकू येणारा सल्ला हाच: 'गाडी जुनी झाली, आता जाड ऑइल टाका.' तो पूर्ण चूक नाही, पण सरसकट लागू होत नाही.

तुमची गाडी ऑइल खात नसेल, धूर नसेल, ऑइल प्रेशरचा दिवा लागत नसेल, तर केवळ १२ वर्षं झाली म्हणून ग्रेड बदलायचं कारण नाही. व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग असलेल्या पेट्रोल इंजिनात आणि टर्बो असलेल्या डिझेलमध्ये ऑइल बारीक वाटांमधून वेळेवर पोहोचावं लागतं. तिथे गरजेपेक्षा जाड ऑइल उलट त्रास देतं.

गाडी दर हजार किलोमीटरला लक्षात येण्याइतकं ऑइल खात असेल, तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडपैकी एक पायरी जाड ऑइल वापरून बघता येतं. बऱ्याच मॅन्युअलमध्ये तापमानानुसार दोन-तीन ग्रेड दिलेले असतात. त्या यादीच्या बाहेर जाऊ नका. आणि लक्षात ठेवा, जाड ऑइलने ऑइल खाण्याचा वेग कमी होतो, झिजलेली रिंग दुरुस्त होत नाही.

मिनरल, सेमी की फुल सिंथेटिक?

मिनरल ऑइल हे कच्च्या तेलाच्या शुद्धीकरणातून येतं. सिंथेटिकमध्ये रेणू जास्त सारखे असतात, त्यामुळे ते उष्णतेला जास्त टिकतं. सेमी म्हणजे दोन्हींचं मिश्रण, आणि त्यात सिंथेटिक किती हे प्रत्येक कंपनीनुसार वेगळं.

'सिंथेटिक' या शब्दावरच १९९९ मध्ये अमेरिकेत मोठा वाद झाला होता. मोबिलने कॅस्ट्रॉलविरुद्ध जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या संस्थेकडे तक्रार केली. खूप जास्त प्रक्रिया केलेल्या खनिज तेलाला सिंथेटिक म्हणता येतं, असा निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला. त्यामुळे आज डब्यावरचा 'सिंथेटिक' हा शब्द बराचसा मार्केटिंगचा आहे. त्याखाली बारीक अक्षरात लिहिलेला दर्जा जास्त बोलतो.

'जुन्या गाडीला सिंथेटिक टाकलं की गळती लागते' हे अर्धं खरं आहे. पूर्वीच्या काही सिंथेटिक ऑइलमुळे रबरी सीलवर परिणाम होत असे. आजच्या ऑइलमध्ये तो प्रश्न सहसा नसतो. मात्र सील आधीच कडक झालेलं असेल आणि मळाने फट बुजलेली असेल, तर चांगलं ऑइल तो मळ काढतं आणि आधीची गळती उघडी पडते. दोष सीलचा असतो.

साध्या, टर्बो नसलेल्या जुन्या इंजिनाला वेळेवर बदललेलं मिनरल किंवा सेमी सिंथेटिक पुरतं, जर मॅन्युअलमधला दर्जा त्यावर असेल. महागडं सिंथेटिक टाकून ते दोन वर्षं चालवण्यापेक्षा ते कधीही बरं. टर्बो असेल, तर सिंथेटिकवर पैसे वाचवू नका. टर्बो मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्या मारू शकतो आणि त्याच्या बेअरिंगला आधार फक्त ऑइलचा असतो.

डब्यावर आणखी काय वाचायचं?

अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, म्हणजे एपीआयचा दर्जा बघा. पेट्रोलसाठी तो 'एस' ने सुरू होतो: एसएल, एसएन, एसपी असा. दुसरं अक्षर जितकं पुढचं, तितका दर्जा नवा. एसपी २०२० मध्ये आला, एसक्यू मार्च २०२५ मध्ये. मॅन्युअलमध्ये एसएल लिहिलं असेल, तर एसएन किंवा एसपी चालतं. उलट मात्र चालत नाही. एसएफ, एसजी असे फार जुने दर्जे स्वस्तात मिळाले तरी घेऊ नका.

डिझेलसाठी दर्जा 'सी' ने सुरू होतो: सीएच-४, सीआय-४, सीके-४. युरोपीय गाड्यांना याशिवाय एसीईए आणि कंपनीचा स्वतःचा कोड लागतो. धुराड्यात पार्टिक्युलेट फिल्टर असलेल्या बीएस-६ डिझेल गाडीला कमी राख सोडणारं ऑइलच हवं, नाहीतर फिल्टर तुंबतो.

आणि एक काळजी. घरात बाइक आणि कार दोन्ही असतील, तर उरलेलं ऑइल एकमेकांत टाकू नका. बहुतेक बाइकमध्ये क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. कारच्या काही ऑइलमधल्या रसायनांनी तो घसरायला लागतो.

कंपनीने गाडी बंद केली असेल तर?

हा प्रश्न या पट्ट्याच्या फार जवळचा आहे. टाटा इंडिका डिसेंबर १९९८ मध्ये बाजारात आली. ती पिंपरीत बनली आणि २०१८ मध्ये बंद झाली. चाकणला बनणारी फोक्सवॅगन पोलो २०२२ मध्ये थांबली. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतात शेवरोले विकणं बंद केलं, तळेगावच्या कारखान्यातलं उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबलं आणि तो कारखाना आता ह्युंदाईकडे आहे.

रांजणगावच्या कारखान्यात बनलेलं फियाटचं १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिन तर फियाट, टाटा आणि मारुती अशा वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांमध्ये होतं. या इंजिनाला टायमिंग बेल्टऐवजी चेन आहे. चेन ताणून धरणारा भाग ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल कमी झालं किंवा त्यात मळ साचला, की आधी चेनचा खडखडाट येतो आणि पुढे तिथेच मोठा खर्च निघतो.

गाडी बंद झाली, तरी तिला लागणारा ऑइलचा दर्जा बाजारातून जात नाही. मॅन्युअल हरवलं असेल, तर मॉडेल, वर्ष आणि इंजिनाचं नाव टाकून ते इंटरनेटवर शोधा. मोठ्या ऑइल कंपन्यांच्या वेबसाइटवर गाडीनुसार ऑइल शोधायची सोय असते. इंजिन एक असलं, तरी दुसऱ्या कंपनीच्या गाडीची शिफारस उचलू नका. तुमच्याच गाडीची बघा.

जुन्या इंडिकासारख्या डिझेल गाडीचं ऑइल बदलल्यावर काही दिवसांतच काळं होतं. घाबरू नका. काजळी धरून ठेवणं हेच त्याचं काम आहे. रंगावरून ऑइल बदलायची वेळ ठरत नाही.

गॅरेजमध्ये काय बघायचं?

१. ऑइल सुट्या डब्यातून नको, सील असलेला डबा तुमच्यासमोर उघडू द्या. उत्पादनाची तारीख, बॅच क्रमांक, क्यूआर कोड बघा. बाजारभावापेक्षा फारच स्वस्त असेल, तर संशय घ्या. रिकामा डबा तसाच भंगारात जाऊ देऊ नका, तो पुन्हा भरला जाऊ शकतो.

२. दर वेळी ऑइल फिल्टर आणि ड्रेन नटचं वॉशर बदला. जुन्या फिल्टरमधलं घाण ऑइल नव्यात मिसळतं.

३. 'फ्लशिंग' करून घ्यायची घाई नको. अनेक वर्षं साचलेला मळ एकदम सुटला, तर ऑइल पंपाच्या जाळीत अडकू शकतो. दोन-तीन वेळा चांगलं ऑइल लवकर-लवकर बदलणं हा जास्त सुरक्षित मार्ग आहे.

४. 'डबा उघडलाय तर सगळा टाकतो' म्हणत जास्त भरू देऊ नका. ऑइल डिपस्टिकवरच्या दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ हवं. जास्त झालं तर त्याला फेस येतो.

५. बिलावर ग्रेड, दर्जा, किलोमीटर आणि तारीख लिहून घ्या. गाडी विकताना या बिलांची किंमत होते.

आणि महिन्यातून दोनदा स्वतः डिपस्टिक बघा. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटं झाल्यावर. पट्टी पुसा, परत घाला, मग वाचा. जुन्या गाडीत दोन सर्व्हिसच्या मध्ये ऑइल कमी होणं नेहमीचं आहे. बरीच इंजिनं ऑइल जुनं झाल्याने जितकी जात नाहीत, तितकी ते संपल्याने जातात. डॅशबोर्डवर ऑइलच्या कांडीचा लाल दिवा लागला, तर 'घरी जाऊन बघू' म्हणू नका. तिथेच इंजिन बंद करा.

जुन्या ऑइलचं काय होतं?

हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मते, एका ऑइल चेंजमधून निघालेलं जळकं ऑइल दहा लाख गॅलन पाणी दूषित करू शकतं. पवना आणि इंद्रायणी या दोन नद्यांच्या काठी वसलेल्या शहरात ते गटारात ओतणं म्हणजे काय, हे सांगायला नको.

भारतात वापरलेलं ऑइल हा घातक कचरा मानला जातो. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये काढलेल्या नियमांनुसार १ एप्रिल २०२४ पासून ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर वापरलेल्या ऑइलच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकलेली आहे. ही साखळी तुमच्या गल्लीतल्या गॅरेजपर्यंत पोहोचली, तरच तिचा उपयोग. म्हणून गॅरेजवाल्याला विचारा: 'जुनं ऑइल कुणाला देता?' घरी बदलत असाल, तर ते डब्यात भरून अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याला देणाऱ्या गॅरेजकडे पोहोचवा.

या सगळ्याचा हिशोब काय?

समजा, तुमच्या छोट्या गाडीच्या ऑइल आणि फिल्टरचा खर्च एका वेळी अडीच हजार रुपये आहे. वर्षातून एकदाऐवजी दोनदा बदललं, तर वर्षाला अडीच हजार जास्त, म्हणजे महिन्याला सुमारे २१० रुपये. पाच वर्षांचे साडेबारा हजार.

दुसऱ्या बाजूला इंजिन उघडण्याचा खर्च आहे. तो याच्या काही पट असतो, आणि अनेकदा जुन्या गाडीच्या बाजारभावाच्या जवळ जातो. तिथे पोहोचलेली गाडी दुरुस्त होत नाही, ती भंगारात जाते.

गाडी १५ वर्षांची झाली की नोंदणी नूतनीकरणासाठी तपासणी होते, महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो आणि पीयूसी तर लागतेच. ऑइल जाळणारं, निळा धूर सोडणारं इंजिन तिथे अडू शकतं. सरकारने ठरवलेलं शुल्क आपण कमी करू शकत नाही आणि पंपावर कोणतं पेट्रोल मिळावं हेही आपल्या हातात नाही. ऑइल कधी आणि कोणतं टाकायचं, एवढं मात्र आहे. आज संध्याकाळी गाडीच्या खणातलं मॅन्युअल काढा, 'कठीण परिस्थिती'चा तक्ता शोधा आणि शेवटच्या ऑइल चेंजच्या बिलावरची तारीख बघा.